संगणकाने वेळ कोणाला विचारावी?

कोयना परिसरात 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी मोठा भूकंप झाला, तेव्हापासून या टापूतील लहानमोठ्या धक्क्यांचा अभ्यास होत आला असून, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची कराड येथील बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा हेच काम करते. भूकंपाचे नाभिस्थान शोधायचे, तर निरनिराळ्या ठिकाणी लहरी कोणत्या क्षणी पोहोचल्या हे ताडून पाहावे लागते. प्राथमिक लहरी खडकातून सेकंदाला साधारण 6 किलोमीटर वेगाने धावतात. साहजिकच एखाद्या नोंदयंत्राचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाने चुकले, तर अंतराच्या हिशेबात सुमारे 600 मीटरचा फरक पडतो. म्हणूनच अशा यंत्रांना उपग्रहांकडून वेळ घेणारे ग्राहक जोडलेले असतात.

बँकेतील, महाविद्यालयातील किंवा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरील संगणकाला ही सोय नसते. त्याचे घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते आणि स्फटिकाची चूक दहा लाखांत 20 भाग इतकी किरकोळ असली, तरी दिवसाला ती पावणेदोन सेकंदांच्या घरात जाते. ही चूक दुरुस्त करण्यासाठी डेव्हिड मिल्स यांनी आखलेला ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न निघाल्याची, सर्व्हरवर पोहोचल्याची, उत्तर निघाल्याची आणि परत आल्याची अशा चार वेळा नोंदवल्या जातात. समजा, संगणकाच्या घड्याळात शून्य मिलिसेकंद असताना प्रश्न निघाला, सर्व्हरच्या घड्याळानुसार तो 130 वर पोहोचला, 131 वर उत्तर निघाले आणि संगणकाच्या घड्याळात 61 झाले असताना ते परत आले. जाण्यायेण्याला मिळून 60 मिलिसेकंद लागले आणि दोन्ही दिशांना सारखाच वेळ लागला असे धरले, तर संगणक 100 मिलिसेकंद मागे आहे, असा निष्कर्ष निघतो. मात्र दोन्ही वाटा सारख्या नसतील, तर या निष्कर्षात 30 मिलिसेकंदांपर्यंत चूक राहू शकते आणि एकाच सर्व्हरला विचारणाऱ्या संगणकाला ती ओळखण्याचा मार्ग उरत नाही.

कार्यप्रणालीसोबत कोणती वेळसेवा आधीपासून बसवलेली असावी, हा प्रश्न येथेच महत्त्वाचा ठरतो, कारण बहुतेक वापरकर्ते ती निवड कधीच बदलत नाहीत. लिनक्सवरील ‘टाइमसिंकडी’ ही सेवा आटोपशीर असून एका वेळी एकाच सर्व्हरकडून वेळ घेते. ‘क्रोनी’ मात्र अनेक स्रोतांची तुलना करून विसंगत स्रोत बाजूला सारते, स्फटिकाच्या चुकीचा वेग मोजून लक्षात ठेवते आणि जोडणी अधूनमधून तुटली, तरी घड्याळ त्या अंदाजाने सावरून धरते. रेड हॅट कंपनीने आपल्या लिनक्स प्रणालीच्या 7व्या आवृत्तीत 2014 मध्ये, तर उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने 25.10 या आवृत्तीत 2025 मध्ये क्रोनीचा स्वीकार केला. उबुंटूने त्यासोबत ‘नेटवर्क टाइम सिक्युरिटी’ ही 2020 मध्ये प्रमाणित झालेली सुरक्षाव्यवस्थाही सुरू केली, जिच्यामुळे उत्तर खऱ्या सर्व्हरकडूनच आले आहे याची खात्री करता येते.

या सुरक्षेत एक पेच दडलेला आहे. सर्व्हरच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि मुदत तपासायला आजची तारीख ठाऊक असावी लागते. मदरबोर्डवरील बॅटरी संपलेला संगणक मात्र स्वतःला कित्येक वर्षे मागे समजत असल्याने वैध प्रमाणपत्रही नाकारतो आणि त्यामुळे त्याला वेळच मिळत नाही. अखेरची ज्ञात वेळ डिस्कवर जपून ठेवणे, किंवा पहिल्या जुळणीपुरती मुदतीची अट शिथिल करणे, हे त्यावरचे उपाय आहेत.

वेळ कोणाची घ्यावी, हेही भारतात ठरलेले आहे. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते आणि सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनी सेवादाते, कंपन्या व शासकीय संस्थांना याच प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या वेळेशी आपली घड्याळे जुळवण्यास सांगितले आहे, कारण सायबर हल्ल्याचा तपास करताना अनेक यंत्रांवरील नोंदी क्रमाने लावाव्या लागतात. म्हणून आधीपासून बसवलेली सेवा केवळ हलकी असून भागत नाही. ती अनेक स्रोत तपासणारी, उत्तराची सत्यता पडताळणारी आणि बॅटरी संपल्यावरही सावरणारी असायला हवी, कारण ज्याला वेळसेवा म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याच्याही नोंदींचा खरेपणा तिच्यावरच अवलंबून असतो.