वार्षिकांकाचे मुखपृष्ठ विद्यार्थ्यांच्या हाती

जालना जिल्ह्यातल्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीच्या आसपास या बागा अजूनही दिसतात. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला मोसंबी. पण या भागातल्या एखाद्या विद्यार्थ्याने वार्षिकांकाच्या मुखपृष्ठासाठी इंटरनेटवर मोसंबीचे चित्र शोधले, तर समोर येतात ती बहुतेक संत्र्यांची चित्रे: गर्द नारिंगी, चकचकीत, सोललेल्या फोडी बाजूला मांडलेल्या. डीटीपीच्या दुकानात घाई असते, चित्र छान दिसते, आणि मुखपृष्ठावर संत्रे छापले जाते. मोसंबीची साल हिरवट-पिवळी असते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही छापील अंकावर संत्रे खपून जाते, कारण मुखपृष्ठाकडे कुणी परीक्षकाच्या नजरेने पाहिलेलेच नसते.

महाविद्यालयाचे वार्षिक नियतकालिक ही मराठी मुलखातली जुनी आणि मोठी प्रकाशनसंस्था आहे. कथा, कविता, प्रवासवर्णन, विभागांचे अहवाल, जिमखान्याचे फोटो यांनी भरलेला हा अंक बहुतेकांच्या आयुष्यात आपले नाव पहिल्यांदा छापून आलेले ठिकाण असतो. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ अशा अंकांच्या स्पर्धाही घेतात. आतला मजकूर विद्यार्थी लिहितात, संपादक मंडळात विद्यार्थी असतात. मुखपृष्ठ मात्र अनेकदा बाहेरून येते. महाविद्यालयाची इमारत, वर संस्थापकांचे गोल चौकटीतले फोटो, खाली उगवता सूर्य आणि उडणारे पक्षी, हा साचा इतका रुळला आहे की पाच महाविद्यालयांचे अंक शेजारी ठेवले आणि नावे झाकली, तर कोणता कुठला हे सांगता येणार नाही. माध्यमांचा अभ्यास जिथे शिकवला जातो तिथे तरी हे चालू नये.

कारण मराठीत मुखपृष्ठाची परंपरा गरीब नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने 1909 साली पहिला मराठी दिवाळी अंक काढला, तेव्हापासून अंक हातात घेण्याजोगा दिसला पाहिजे ही जाणीव संपादकांत मुरत गेली. 1920 साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे बातमीपत्र म्हणून निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते, मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर ते लाहोरला पं. सातवळेकरांकडे शिकले. संपादकालाच चित्र कळते म्हटल्यावर मुखपृष्ठ हे संपादकीयाइतकेच महत्त्वाचे ठरते, आणि ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ या किर्लोस्करांच्या तिन्ही मासिकांत ते दिसले.

मग दीनानाथ दलाल आले. गोव्यात 1916 साली जन्मलेल्या या चित्रकाराने 1945 पासून स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. जलरंगातली त्यांची स्त्रीचित्रे पाहून लोक अंक विकत घेत आणि मुखपृष्ठ कापून भिंतीवर लावत. रघुवीर मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’ काढला. या दोघांची मुखपृष्ठे आज जुनी वाटली तरी विद्यार्थ्याने त्यांच्यातली एक गोष्ट जरूर न्याहाळावी: चेहरा कुठे ठेवला आहे आणि शीर्षकासाठी मोकळी जागा कशी राखली आहे. वरच्या भागात आभाळ, भिंत किंवा सपाट रंग येतो, तो नावासाठीच. चित्र काढतानाच अक्षरांची सोय करून ठेवलेली असते. आजचा विद्यार्थी आधी फोटो काढतो आणि मग नाव कुठे बसवायचे म्हणून अडतो.

पैसे नसतानाही मुखपृष्ठ होते, हे दाखवणारी दुसरी परंपरा लघुनियतकालिकांची. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी पन्नासच्या दशकात ‘शब्द’ काढले ते सायक्लोस्टाइलवर. कोलटकर पुढे जाहिरात क्षेत्रात नावाजलेले कलादिग्दर्शक झाले. मुंबईच्या ‘क्लिअरिंग हाउस’ या कवींच्या प्रकाशनाची मुखपृष्ठे त्यांनी केली. मराठवाड्यापुरते बोलायचे तर औरंगाबादेतून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ने कितीतरी दलित लेखकांना पहिले व्यासपीठ दिले. तेव्हाच्या छोट्या अंकांकडे रंगीत छपाईचा पैसा नसायचा. एक रंग, ठसठशीत नाव आणि कागदाची निवड यांवर ते उभे असत. तीर्थपुरीच्या विद्यार्थ्याला हा धडा दलालांच्या जलरंगापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता अक्षरांकडे वळू, कारण देवनागरी मुखपृष्ठाची खरी कसोटी तिथेच लागते.

इंग्रजी मासिकांत एक लोकप्रिय युक्ती आहे. मुखपृष्ठावरच्या माणसाचे डोके मासिकाच्या नावावर चढवायचे, नावाची दोन अक्षरे अर्धी झाकायची. त्यामुळे चित्राला खोली येते. माध्यम अभ्यासाच्या पुस्तकांत ही युक्ती हमखास असते आणि आपले विद्यार्थी ती जशीच्या तशी उचलतात. देवनागरीत मात्र अर्थाचा मोठा भार शिरोरेषेच्या वर असतो: वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. अंकाचे नाव ‘अंकुर’ असले आणि कुणाच्या फेट्याने ते एक टिंब झाकले, तर वाचणाऱ्याला ‘अकुर’ दिसते. झाकायचेच तर खालून झाका, तेही उकार सांभाळून. म्हणजे डोके नावावर चढवण्यापेक्षा नाव माणसाच्या मागे पुरेसे उंच घ्यावे, किंवा चित्र सरळ खाली आणावे.

रायगड, मत्स्यगंधा अशी नाटकांची नावे ज्यांनी कमल शेडगे यांच्या अक्षरांत पाहिली आहेत त्यांना सांगायला नको की नाव हेच चित्र होऊ शकते. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ची अक्षरे वाचण्याआधीच नाटकाचा बाज कळतो. विद्यार्थ्याने एकदा तरी अंकाचे नाव बोरूने किंवा जाड ब्रशने स्वतः लिहून पाहावे. वीस कागद वाया जातील, एखादा साधेल, आणि तो मोबाइलने टिपून वापरता येईल. कोणत्याही फुकट फाँटपेक्षा तो अंकाचा स्वतःचा असेल.

फाँट वापरायचाच तर आणखी एक बारकावा. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे जे रूप ठरवले, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श आहे. अनेक युनिकोड फाँट मात्र आपोआप हिंदी वळणाचा दंडाचा ल दाखवतात. काही फाँटांत दोन्ही रूपे असतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की ती बदलतात. ‘कला’, ‘फुले’, ‘मशाल’ असे नाव असेल तर हा फरक मुखपृष्ठावर दोन इंच उंचीचा होऊन बसतो. फोटोशॉपमध्ये देवनागरी जोडाक्षरे तुटली, वेलांटी उलट्या बाजूला गेली, तर घाबरायचे कारण नाही. जुन्या आवृत्त्यांत प्राधान्यक्रमांत दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी चालू करावी लागते. हे ठाऊक नसल्याने कित्येक अंक अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात अडकून पडले आहेत.

छापखान्याचे गणित वेगळेच. ए4 आकाराचे मुखपृष्ठ 300 डीपीआयला छापायचे तर फोटो सुमारे 2480 बाय 3508 पिक्सेलचा लागतो. साधा मोबाइल एवढे सहज देतो. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की तो आक्रसतो. लांबी साधारण 1600 पिक्सेलवर येते, आणि ए4वर छापताना प्रत्येक इंचाला जेमतेम 137 ठिपके उरतात. पडद्यावर झकास दिसणारा चेहरा कागदावर धुरकट येतो तो यामुळे. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, एवढे एकच वाक्य दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवले तरी पुष्कळ अंक वाचतील. पडद्यावरचा हिरवा रंगही छपाईच्या चार शाईंत उतरताना मावळतो. म्हणून मोसंबीच्या बागेचा फोटो छपाईला देण्याआधी सीएमवायकेमध्ये बदलून पाहायचा, आणि जमल्यास छापील प्रूफ मागायचे. कडेला 3 मिलिमीटर ब्लीड ठेवायचे, नाही तर कटिंगमध्ये पांढरी किनार उरते. परफेक्ट बाइंडिंग असेल तर पुढचे पान, पाठपट्टी आणि मलपृष्ठ हा एकच सलग कागद असतो, हे लक्षात ठेवून चित्राचा विचार करायचा.

आणि चित्र कुणाचे? इथे कायदाही येतो. वर्गातल्या अभ्यासासाठी एखादे चित्र वापरणे वेगळे आणि तेच शेकडो प्रतींवर छापून वाटणे वेगळे. 1957च्या कॉपीराइट कायद्यातली शैक्षणिक सवलत छापील वार्षिकांकाला पांघरूण घालेलच असे धरून चालू नये. स्वतः काढलेला फोटो हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित. त्यात माणूस असेल तर त्याला विचारून, तो अंकावर येणार आहे हे नीट सांगून काढलेला.

मूल्यमापनाचा प्रश्न इथूनच उभा राहतो. इंग्लंडमध्ये ओसीआर या परीक्षा मंडळाच्या जुन्या माध्यम अभ्यासक्रमात छापील माध्यमाचा पर्याय घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आधी आपल्याच शाळा-महाविद्यालयाच्या मासिकाचे मुखपृष्ठ करावे लागे, मग एका नव्या संगीत मासिकाचे. त्यानंतर सात प्रश्नांची उत्तरे लिहावी लागत. खऱ्या मासिकांच्या रीती कुठे पाळल्या, कुठे मोडल्या. अंकात कोणता समाजगट कसा दिसतो. वाचक कोण आणि त्याला कसे बोलावले. तंत्राबद्दल काय कळले. पहिल्या मुखपृष्ठापासून दुसऱ्यापर्यंत काय शिकलो, असा त्यांचा रोख असे. ही पद्धत आपल्याकडे उचलण्याजोगी आहे, कारण तिच्यात ‘छान’ आणि ‘आकर्षक’ या शब्दांनी काम भागत नाही. विद्यार्थ्याला निर्णयाचे कारण द्यावे लागते.

त्यातला समाजगटाचा प्रश्न मराठवाड्यात सर्वांत टोकदार होतो. समजा, एखाद्या वर्गाने ‘पाणी’ हा विषय घेतला. 2012-13च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, शेतकऱ्यांनी झाडे तोडली. आज वर्गात बसलेल्या कित्येकांच्या घरात ती आठवण आहे. मुखपृष्ठावर भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे पाहणारा म्हातारा शेतकरी टाकला, तर ते चित्र कुठल्याही देशाच्या दुष्काळाचे झाले. त्याऐवजी वाळलेल्या बागेत पुन्हा लावलेले कलम आणि ठिबकची नळी टिपली, तर ती याच तालुक्याची गोष्ट झाली, आणि शेतकरी हताश न दिसता काम करताना दिसला. मोसंबी दाखवायची की संत्रे, हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा. हंगामात आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारा वर्गमित्र मुखपृष्ठावर येतो का, आला तर त्याची परवानगी आणि त्याचा मान राखून येतो का, हे परीक्षकाने विचारलेच पाहिजे.

गुणदानाआधी तीन साध्या चाचण्या घ्याव्यात. मुखपृष्ठ भिंतीवर लावून दहा पावलांवरून पाहावे. नाव वाचता आले पाहिजे. तेच फोनवर अंगठ्याएवढे करून पाहावे, कारण बहुतेक लोक अंक पहिल्यांदा तिथेच पाहणार. मग दुसऱ्या वर्गातल्या मुलामुलींना ते क्षणभर दाखवून झाकावे आणि काय लक्षात राहिले ते विचारावे. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर पानावर गर्दी आहे. यात सौंदर्यदृष्टीचा वाद उरत नाही, वाचकाचा पुरावा हाती येतो. आणि तो पुरावा मांडणाऱ्या विद्यार्थ्याला, त्याचे चित्र साधे असले तरी, सुबक पण उसने मुखपृष्ठ देणाऱ्यापेक्षा जास्त गुण मिळावेत असे ठाम मत इथे नोंदवायचे आहे.

नमुने शोधायला दूर जायची गरज नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक फुकट वाचायला मिळतात. एका दशकातली मुखपृष्ठे सलग पाहिली तरी चित्रकार बदलला की पान कसे बदलते, नावाची जागा कशी सांभाळली जाते, हे वर्गाला एका तासात समजते.

राज्यात 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि कौशल्याचे विषय आले. मुखपृष्ठाचे काम त्यांत सहज बसते. तीर्थपुरी, अंबड, घनसावंगी परिसरातल्या संपादक मंडळांना एवढीच विनंती: यंदाच्या अंकाचे मुखपृष्ठ विद्यार्थ्यांकडून मागवा. आलेली सगळी, नाकारलेलीसुद्धा, त्यांच्या स्पष्टीकरणासह ग्रंथालयात जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना त्यातून शिकता येईल. आणि आतल्या पहिल्या पानावर, मुद्रकाच्या नावाशेजारी, मुखपृष्ठ करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव छापा.