विश्लेषण : मित्राच्या यशाने पोटात का दुखते? बौद्ध परंपरेतील ‘अनुमोदन’ त्यावर काय उपाय सांगते?

कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या तरी नव्या नोकरीची बातमी येते. पाठोपाठ टाळ्या, फुगे आणि ‘पार्टी कधी?’ सुरू होते. आपणही एक अंगठा टाकतो आणि फोन पालथा ठेवतो. नंतर मात्र बराच वेळ काहीतरी सलत राहते. आपले काहीच गेलेले नसते, तरी कुणीतरी काही हिरावून नेल्यासारखे वाटते. या सलण्याला पाली भाषेत ‘इस्सा’ असे नाव आहे. संस्कृतमधील ईर्ष्या ती हीच. त्यावर बौद्ध परंपरेने सांगितलेला उपाय ऐकायला अगदी साधा आहे : दुसऱ्याच्या चांगल्यात मनाने सामील व्हा. हा नुसता सकाळचा सुविचार आहे, की त्यामागे काही तर्क आहे?

सलते ते नेमके काय?

देशातील सर्वात श्रीमंत माणसाने नवे विमान घेतले तर आपली झोप उडत नाही. शेजारच्याने नवी गाडी घेतली तर उडते. माणूस स्वतःची तुलना प्रामुख्याने आपल्यासारख्यांशीच करतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडले होते. पुढे २००९ मध्ये जपानी संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्याच क्षेत्रातील, पण आपल्यापेक्षा सरस व्यक्तीविषयी वाचताना स्वयंसेवकांच्या मेंदूतील असा भाग अधिक सक्रिय झाला, जो शारीरिक वेदनेच्या वेळीही कामाला लागतो. त्याच व्यक्तीवर संकट कोसळल्याचे वाचल्यावर बक्षीस मिळाल्यासारखा आनंद देणारे केंद्र जागे झाले. म्हणजे ‘पोटात दुखते’ हा आपला वाक्प्रचार फारसा चुकलेला नाही. दुखण्याची जागा तेवढी वेगळी आहे.

प्रस्तुत लेखकाचा अनुभवही यापेक्षा उदात्त नाही. इंजिनीअरिंगची चार वर्षे एका मित्राबरोबर एकाच खोलीत, एकाच झेरॉक्स नोट्सवर काढली. गणिताच्या तिसऱ्या पेपरला केटी लागली ती त्याला. आज तो परदेशात आहे आणि मी न्यूजरूममध्ये, स्वतःच्या मर्जीने. तरीही त्याच्या नव्या नोकरीचा मेसेज आला तेव्हा ‘अभिनंदन’ लिहिण्याआधी मी त्याचा पगार रुपयांत काढून पाहिला होता.

बौद्धांच्या अभिधम्मात इस्सेचे वर्गीकरण पाहण्यासारखे आहे. आपल्याला वाटते की हेवा हा हव्यासाचा भाऊ. ‘मलाही हवे’ ही त्याची मूळ इच्छा. अभिधम्म मात्र इस्सेला लोभाच्या नव्हे, द्वेषाच्या खात्यात टाकतो. ‘मला हवे’ यापेक्षा ‘त्याला का?’ हा तिचा गाभा. म्हणूनच ती कधी सुखद नसते. लोभात निदान स्वप्नरंजनाची मजा असते, इस्सेत तीही नाही. तिच्या शेजारीच ‘मच्छरिय’ आहे, म्हणजे आपल्याकडचे दुसऱ्याला मिळू नये अशी वृत्ती. आपला ‘मत्सर’ हा शब्द याच कुळातला, फक्त मराठीत येईपर्यंत तो ईर्ष्येच्या घरी राहायला गेला.

दीघनिकायातील ‘सक्कपञ्ह सुत्ता’त देवांचा राजा सक्क, म्हणजे आपला इंद्र, राजगृहाजवळच्या गुहेत बुद्धांना भेटतो आणि विचारतो, की सगळ्यांना वैराविना जगायचे असते, तरी सगळे वैरातच का जगतात? उत्तरात बुद्ध याच जोडीकडे बोट दाखवतात : इस्सा आणि मच्छरिय. कुणी तप करायला बसले की ज्याचे आसन डळमळते, त्या इंद्रानेच हा प्रश्न विचारावा, ही गंमत पुराणे ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाच्या लक्षात येईलच.

दोन मंत्री, एकच मांडव

इस्सा आणि तिचा उतारा शेजारी शेजारी ठेवणारी एक गोष्ट धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकेत, आहे. कोसल देशाचा राजा पसेनदि आणि राजधानी सावत्थीचे (आजच्या उत्तर प्रदेशातील श्रावस्ती) नागरिक यांच्यात भिक्खुसंघाला दान देण्याची चढाओढ लागते. राजाने एक दिवस भोजन दिले की नागरिक दुसऱ्या दिवशी त्याहून मोठे देणार. राजा रडकुंडीला येतो. शेवटी राणी मल्लिका तोड काढते. नागरिकांकडे नाही ते करायचे. त्यांच्याकडे हत्ती नाहीत आणि राजकन्याही नाहीत.

मग मांडव पडतो. पाचशे भिक्खू, प्रत्येकाच्या मागे पांढरे छत्र धरलेला एकेक हत्ती. ऐन वेळी एक शहाणा हत्ती कमी पडतो, उरलेले सगळे मस्तवाल. त्यातलाच एक आणून अंगुलिमालाच्या मागे उभा केला जातो. एकेकाळी अख्ख्या पंचक्रोशीला घाम फोडणारा हा दरोडेखोर तेव्हा भिक्खू झालेला असतो. त्याच्याजवळ तो हत्तीही मुकाट उभा राहतो. एका दिवसात चौदा कोटी खर्च झाल्याचे अट्ठकथा सांगते.

या मांडवात राजाचे दोन मंत्री आहेत. काळ आणि जुण्ह. (जुण्ह म्हणजे चांदणे. नावांतच कथाकाराने निकाल देऊन टाकला आहे.) काळाच्या मनात येते, की राजाचे घर बुडाले, हे भिक्खू जेवतील आणि जाऊन झोपतील. जुण्हाच्या मनात येते, की असे दान राजाशिवाय कोण देऊ शकेल, मी याच्या आनंदात सहभागी आहे. दोघांनी तोंडातून शब्द काढलेला नाही. बुद्ध मात्र त्या दिवशी अगदी थोडक्यात बोलून निघून जातात. काळाचे मन लांबलचक उपदेश पेलण्याच्या अवस्थेत नाही, असे कारण नंतर कळते. राजा काळाला बोलावून विचारतो, की मी माझ्या संपत्तीतून दिले, तुझे काय घेतले? काळाकडे उत्तर नसते. त्याला राज्याबाहेर काढले जाते. जुण्हाला सात दिवस राज्य मिळते. त्याने राजासारखेच दान करावे म्हणून.

शिक्षा जरा जास्तच झाली, हे खरे. मनातल्या विचारासाठी कुणाला हद्दपार करणे आजच्या कोणत्याही कायद्यात बसणार नाही. पण राजाचा प्रश्न बाजूला काढून ठेवावा असा आहे. ‘तुझे काय गेले?’ काळाच्या खिशातून एक कवडीही गेली नव्हती आणि जुण्हाच्या खिशातूनही नाही. समोरची घटना एकच, तिच्यातून एकाने त्रास काढला आणि दुसऱ्याने आनंद.

‘सूचक’ नाही, ‘अनुमोदक’

जुण्हाने जे केले त्याला ‘अनुमोदन’ म्हणतात. हा शब्द मराठी माणसाला बौद्ध ग्रंथांतून नव्हे, सोसायटीच्या मीटिंगमधून माहीत असतो. ठरावाला एक सूचक लागतो, एक अनुमोदक. कल्पना दुसऱ्याची असते, अनुमोदकाचे नावही इतिवृत्तात येते. मूळ अर्थ मात्र अधिक ओला आहे : दुसऱ्याच्या पाठोपाठ आपणही मोद, म्हणजे आनंद, मानणे. थेरवाद परंपरेत पुण्य मिळवण्याचे जे दहा मार्ग सांगितले आहेत, त्यांत दान आणि शील यांच्या बरोबरीने दुसऱ्याच्या पुण्याचे अनुमोदन हाही स्वतंत्र मार्ग आहे. महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांत निधनानंतर होणाऱ्या ‘पुण्यानुमोदन’ कार्यक्रमाच्या पत्रिकेवर हाच शब्द असतो. विहारात वंदनेनंतर तीनदा म्हटले जाणारे ‘साधु’ हाही त्याचाच उच्चार.

या अनुमोदनामागच्या मनोवृत्तीला ‘मुदिता’ म्हणतात. मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा या चार ब्रह्मविहारांतील ती तिसरी. पतंजलीच्या योगसूत्रांतही ही चौकडी येते. करुणेवर आपल्याकडे व्याख्याने होतात, मैत्रीवर गाणी आहेत. मुदितेच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. दुःखी माणसाबद्दल कळवळा वाटणे तुलनेने सोपे असते, कारण त्या क्षणी आपण त्याच्यापेक्षा वरच्या पायरीवर उभे असतो. सुखी माणसाबद्दल आनंद वाटायला खालच्या पायरीवरून वर पाहावे लागते.

मग ‘ज्याचे त्याचे कर्म’ म्हणून गप्प बसायचे का?

हेवा वाटला की घरातील मोठी माणसे हेच सांगतात. ‘त्याच्या नशिबात होते, तुझ्या कर्मात नव्हते.’ बौद्ध विचारातील कर्म आणि हे वाक्य यांत मोठे अंतर आहे. अंगुत्तरनिकायात बुद्ध कर्माची व्याख्या ‘चेतना’ अशी करतात. चेतना म्हणजे हेतू, मनाने या क्षणी केलेली निवड. त्या अर्थाने मित्राचा पगार हे माझे कर्म नाही. तो मेसेज वाचून मी मनात जे करतो, ते माझे कर्म आहे. एक्सेलची शीट आठवा. त्याच्या रकान्यातील आकडा बदलल्याने माझी बेरीज बदलत नाही. काळाची चूक हिशेबाची होती. त्याने राजाच्या रकान्यातील खर्च स्वतःच्या रकान्यात उतरवून घेतला.

मज्झिमनिकायातील ‘चूळकम्मविभंग सुत्त’ याच्या पुढे जाते. सुभ नावाचा तरुण विचारतो, की माणसामाणसांत इतका फरक का? उत्तराच्या ओघात बुद्ध म्हणतात, की दुसऱ्याला मिळणारा लाभ आणि मान पाहून जळणारा पुढच्या जन्मी निष्प्रभ होतो, न जळणारा प्रभावशाली. इथे मात्र वाद सुरू होतो आणि महाराष्ट्रात तो टाळून पुढे जाता येत नाही. एखाद्याची आजची हलाखी त्याच्या गेल्या जन्मीच्या कर्माचे फळ मानली, तर ती हलाखी लादणारे सगळे सुटतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच आक्षेप घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेणाऱ्या बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वजन्मीच्या कर्माने आजची स्थिती ठरते हा सिद्धान्त बुद्धांचा असू शकत नाही, अशी मांडणी त्यात आहे. गरिबांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाने आणि राज्यसंस्थेने झटकावी, याखेरीज त्या सिद्धान्ताचा दुसरा हेतू त्यांना दिसत नव्हता. पाली ग्रंथांतही याला आधार सापडतो. संयुत्तनिकायातील ‘सीवक सुत्ता’त, माणूस जे काही भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, हे मत बुद्ध फेटाळतात. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, बाहेरून झालेला आघात अशी आठ कारणे ते मोजतात. कर्म त्यांतील शेवटचे.

हा फरक रोजच्या जगण्यात कामाचा आहे. सहकाऱ्याला बढती मिळाली आणि मला नाही, यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असू शकतात. निकष धाब्यावर बसवून त्याला पुढे केले असेल, तर तो अन्याय आहे. त्यावर अर्ज, तक्रार, युनियन, कोर्ट हे मार्ग आहेत आणि ते वापरावेत. मुदिता म्हणजे त्या अर्जाऐवजी केलेले ध्यान नव्हे. पण बढती रास्त असूनही सलत असेल, तर अर्ज कुणाकडे करणार? आठव्या शतकात नालंदा महाविहारात होऊन गेलेले आचार्य शांतिदेव यांचा ‘बोधिचर्यावतार’ इथे कोरडा तर्क देतो. ती वस्तू त्याला मिळाली काय किंवा देणाऱ्याच्याच घरी राहिली काय, तुला दोन्ही वेळा मिळणार नव्हतीच. मग ती दिली गेली याचे तुला काय? असले युक्तिवाद ऐकून हेवा लगेच पळत नाही, हे मान्य. पण रात्री दीड वाजता छताकडे बघत पडलेल्या माणसाला धरायला एक दोरी मिळते.

सराव कसा करायचा?

पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात मुदितेचा सराव पायरीपायरीने दिला आहे. या ग्रंथाशी मराठीचे जवळचे नाते आहे. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी त्याच्या पाली संहितेवर वर्षानुवर्षे काम केले. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये निघाली, ती पाहायला ते नव्हते.

बुद्धघोषांचा पहिला सल्ला व्यवहारी आहे : सुरुवात शत्रूपासून करू नका. आधी असा दोस्त निवडा, जो मुळातच आनंदी आहे, आधी हसतो आणि मग बोलतो. त्याची भरभराट पाहून ‘छान चाललेय याचे’ असे मनात म्हणायचे. त्याचे दिवस फिरले असतील तर पूर्वीचे त्याचे सुख आठवायचे. तिथे मन स्थिरावले की मग ज्याच्याशी फारसे देणेघेणे नाही अशी व्यक्ती घ्यायची, आणि सर्वात शेवटी जिच्याशी वाकडे आहे ती. तिथे मन बिथरले, तर परत मेत्तेकडे यायचे. आपण नेमके उलटे करतो. सर्वात जास्त सलणाऱ्या माणसापासून सुरुवात करतो आणि पहिल्याच पायरीवर ‘हे आपल्याला जमत नाही’ म्हणून सोडून देतो.

दुसरा इशारा अधिक बारीक आहे. मुदितेचा दूरचा शत्रू ‘अरति’, म्हणजे दुसऱ्याच्या सुखाबद्दलची नावड. तो सहज ओळखू येतो. जवळचा शत्रू मात्र मुदितेसारखाच दिसतो. तो म्हणजे आपल्या लाभाचा घरगुती आनंद. ‘आमच्याच बॅचचा आहे तो’ असे म्हणताना फुगणारी छाती बहुधा याच प्रकारची. त्या अभिनंदनात आपलाच फोटो चिकटवलेला असतो. ग्रुपवरचे निम्मे फुगे या गटात मोडावेत, असा प्रस्तुत लेखकाचा अंदाज आहे. स्वतःचे धरून.

हा लेख लिहायला घेतल्यावर त्या मित्राला फोन केला. नोकरी लागून दोन महिने झाले होते, म्हणजे अभिनंदनाला उशीरच झाला होता. ‘तिसऱ्या गणिताला केटी लागलेला माणूस तू,’ असे म्हणाल्यावर तो आधी हसला, मग बोलायला लागला. तासभर बोलला. त्यातली चाळीस मिनिटे तिकडच्या घरभाड्यावर होती, उरलेली इकडच्या मिसळीवर.