दत्तकाची दुसरी रांग

मराठी मुलखाला दत्तक नवा नाही. 1848 मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी अंतकाळी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने नामंजूर केला आणि राज्य खालसा केलं. पुढे झाशीतही तेच घडलं. 1875 मध्ये बडोद्याच्या गादीसाठी नाशिककडच्या कवळाण्याहून निवडलेला मुलगा सयाजीराव महाराज झाला. 1884 मध्ये कागलच्या घाटग्यांचा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराज म्हणून बसला. या सगळ्यांत प्रश्न एकच होता, गादी कोण चालवणार? दत्तक त्या गरजेपोटी घेतला जाई.

त्याच काळात पुण्यात वेगळी वाट पडत होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि पुढे एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंतला दत्तक घेतलं. 1875 मध्ये पंढरपुरात टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम उभा राहिला. या वाटेवर मुलाची गरज आधी येते, वारसाची नंतर. आजचा दत्तकाचा कायदा याच वाटेने आला आहे. हे लक्षात घेतलं की त्यातल्या अनेक जाचक अटींचा अर्थ लागतो. व्यवस्थेचं दुखणं नेमकं कुठे आहे, तेही दिसतं.

आपल्याकडे दत्तकाला दोन कायदे लागू होतात. पहिला 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. यात जन्मदाते आईवडील मूल देतात आणि दुसरं कुटुंब घेतं. मूल साधारणपणे 15 वर्षांच्या आतलं असावं लागतं. दत्तहोम सक्तीचा नाही आणि नोंदणीकृत दत्तकपत्र हा भक्कम पुरावा ठरतो. पण या कायद्यावर वंशाची छाया आहे. मुलगा असताना दुसरा मुलगा आणि मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. शिवाय तो मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांना लागूच नाही. त्यांना पूर्वी 1890 च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे. मूल सज्ञान झालं की तेही संपे आणि वारसाहक्काचा प्रश्न लोंबकळत राही. सर्वांसाठी एकच दत्तक कायदा करण्याचं विधेयक 1972 मध्ये संसदेत आलं, पण विरोधामुळे ते तडीस गेलं नाही.

दार उघडलं ते दुसऱ्या, म्हणजे बाल न्याय कायद्याने, आधी 2000 च्या आणि आता 2015 च्या. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं की या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येतं. त्याआधी 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्यासमोर एक मुलगी असलेलं जोडपं आलं होतं. त्यांना दुसरी मुलगी दत्तक हवी होती. 1956 चा कायदा आड येत होता. अनाथ, टाकून दिलेल्या किंवा स्वाधीन केलेल्या मुलाला घर मिळत असेल, तर ती आडकाठी लागू होत नाही, असा निर्णय झाला.

आज अनाथ मूल दत्तक घ्यायचं, तर केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. जोडप्याचं लग्न किमान दोन वर्षांचं हवं. दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल, तर दोघांच्या वयाची बेरीज 85 च्या पुढे चालत नाही. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी घेता येते, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही.

मग समाजसेविका घरी येते. या ‘होम स्टडी’चा अनेकांना धसका असतो. पगाराचे कागद, आरोग्याचे दाखले ती बघतेच, पण तिचे खरे प्रश्न वेगळे असतात. दोघं कामावर गेल्यावर बाळ कोणाकडे राहणार? घरच्या आजीला हे मान्य आहे का? बाळाला ते दत्तक असल्याचं सांगणार का? अहवाल अनुकूल आला की ज्येष्ठतेच्या यादीत वाट पाहणं सुरू होतं. नंबर लागला की बाळाचा फोटो, अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल समोर येतात. बाळ राखून ठेवायला 48 तास मिळतात. मग बाळ ज्या संस्थेत असेल, तिथे जाऊन त्याला भेटायचं. वैद्यकीय अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवता येतो. होकार दिला की आधी तात्पुरता सांभाळ म्हणून बाळ घरी येतं आणि आदेशासाठी अर्ज जातो. 1 सप्टेंबर 2022 पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्था विचारपूस करते. आदेश झाला की बाळ सर्व अर्थांनी त्या घरचं होतं. जन्मदाखल्यावर नव्या आईवडिलांचीच नावं लागतात.

ही झाली पालकांची रांग. सगळे तिच्याबद्दलच बोलतात. दुसरी रांग मुलांची आहे, आणि ती फारशी कोणाला दिसत नाही.

सापडलेलं बाळ लगेच कोणाच्या ओटीत घालता येत नाही. ते बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर त्याचा फोटो छापून येतो. कुठे, कधी सापडलं हे लिहिलेलं असतं आणि नातेवाइकांनी संपर्क साधावा, असं आवाहन असतं. पोलीस आईवडिलांचा शोध घेतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी त्याला दोन महिन्यांची, मोठ्यासाठी चार महिन्यांची मुदत आहे. आईने स्वतः मूल सोपवलं असेल, तर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. हे थांबणं अत्यंत आवश्यक आहे. एखाद्या कुमारी मातेचं मन पालटलं, तर तिचं बाळ तिला परत मिळालं पाहिजे. सगळी चौकशी झाल्यावर समिती मूल दत्तकासाठी मुक्त जाहीर करते. तोवर ते कोणाच्याही यादीत येत नाही.

दुखणं आहे ते याच टप्प्यावर. संसदीय समितीच्या 2022 च्या अहवालानुसार डिसेंबर 2021 मध्ये 27,939 इच्छुक पालक नोंदणीकृत होते आणि त्यांची प्रतीक्षा तीन वर्षांवर गेली होती. त्याच वेळी संस्थांमध्ये दत्तकयोग्य मानली गेलेली 6,996 मुलं होती, पण त्यांपैकी कायद्याने मुक्त होती फक्त 2,430. उरलेल्या साडेचार हजारांहून अधिक मुलांचा एकेक अहवाल, एकेक सही बाकी होती. पालकांची तीन वर्षं जड जातात हे खरं आहे. पण सहा महिन्यांचं बाळ कागद पुरे होईपर्यंत तीन वर्षांचं झालं, तर त्याचं बाळपण संस्थेतच सरतं आणि घर मिळण्याची शक्यताही घटते, कारण बहुतेकांना तान्हं मूल हवं असतं. हा अन्याय मला सर्वांत मोठा वाटतो. मुलाच्या रक्षणासाठी घातलेली मुदत आणि निव्वळ दिरंगाई यांत फरक केलाच पाहिजे. पहिलीचा मान राखावा, दुसरीचा जाब विचारावा.

या दिरंगाईला कंटाळून लोक आडवाटा शोधतात. कोणी ओळखीच्या दवाखान्यातून बाळ आणतं, स्टॅम्प पेपरवर लिहून घेतं, नोटरीचा शिक्का मारतं. याला कायद्यात काडीची किंमत नाही. अनाथ मूल प्रक्रियेबाहेर देणं-घेणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि पैसे घेऊन मूल देणं ही सरळ विक्री आहे. ज्या आईचं मन दोन महिन्यांत बदललं असतं, तिला मग आपलं बाळ कुठे गेलं हेही कळत नाही.

म्हणून दत्तकाचा विचार करणाऱ्यांनी आडवाट सोडावी, नोंदणी करावी आणि जमत असेल तर मोठ्या मुलांचा, विशेष गरजा असलेल्या मुलांचा मनापासून विचार करावा. आपल्या जिल्ह्यातल्या बाल कल्याण समितीत पदं भरलेली आहेत का, प्रलंबित प्रकरणं किती, हे आमदारांना आणि पालकमंत्र्यांना विचारायला दत्तक घेतलेलंच असायला हवं असं नाही. आणि एखादं बाळ बेवारस दिसलं, तर कोणाला देऊन मोकळं होऊ नये. 1098 या मदत क्रमांकावर किंवा पोलिसांना 24 तासांच्या आत कळवणं ही कायद्याने आपली जबाबदारी आहे. त्या बाळाची नोंद होते ती तिथून, आणि नोंद झाल्याशिवाय त्याला घर मिळण्याचा कायदेशीर रस्ता नाही.