कालनिर्णयावरच्या फुल्या

जुनी कालनिर्णयं मी टाकत नाही. दुधाचा हिशेब, सिलिंडरच्या तारखा, कुणाचं बारसं, कुणाचं वर्षश्राद्ध, सगळं त्यांच्यावरच लिहिलेलं असतं. परवा कपाटाचा वरचा खण आवरताना २०२२, २०२३ आणि २०२४ अशी तीन वर्षं एकदम हाती आली. तारखांच्या चौकटींत लाल पेनाच्या फुल्या होत्या आणि प्रत्येक फुलीखाली बारीक अक्षरात एकेक वस्तू. पायपुसणं. सोफा, डावा हात. ह्यांचा चष्मा. मागच्या दाराची चौकट. सर्जाने काय काय चावून संपवलं त्याची ही नोंद. खण तसाच उघडा टाकून मी ती तिन्ही वर्षं जमिनीवर पसरली आणि वाचत बसले.

सर्जा आमच्याकडे आला नोव्हेंबर २०२१ मध्ये. दोन महिन्यांचं, पिवळसर, पंजे फार मोठे असलेलं लॅब्रडॉरचं पिल्लू. आम्ही राहतो त्या मोहालीत मोठ्या कुत्र्याचं अप्रूप नाही. आमच्या गल्लीत चार कोठ्या सोडून एक जर्मन शेफर्ड, कोपऱ्यावर आणखी एक लॅब्रडॉर. त्यातून पंजाबला पळणाऱ्या कुत्र्याचं जुनं वेड. लुधियान्याजवळ किला रायपूरला १९३३ पासून गावाकडचे खेळ भरत आले आहेत. तिथे बैलगाड्यांबरोबर ग्रेहाउंडच्या शर्यतींनाही गर्दी व्हायची. कुत्रं म्हटलं की पळणं, हे इथे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही.

२०२२ च्या पहिल्या तीन महिन्यांतल्या फुल्यांचं आम्हाला काहीच वाटलं नव्हतं. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडायला लागतात आणि सातव्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात, पिल्लू दिसेल ते चावतं. गालिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला की मी तो उचलून डबीत ठेवायची. मार्चअखेर दात आले, आता हे थांबेल, असं आम्ही धरून चाललो होतो. एप्रिलपासून फुल्या उलट दाट होत गेल्या.

२८ ऑगस्टच्या चौकटीत फक्त ‘पाट’ एवढंच लिहिलंय. त्या वर्षी गणपती ३१ तारखेला होते. आईने साताऱ्याहून दिलेला सागवानी पाट, पितळी फुलं जडवलेला, पुसून दिवाणखान्यात ठेवला होता. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत त्याचा एक कोपरा आणि दोन फुलं गेलेली. रात्रभर आम्ही त्या दोन फुलांच्या काळजीने जागे होतो. सकाळी ती अंगणात सापडली, गिळलेली नव्हती. आईला फोनवर सांगताना मला रडू आलं. ती म्हणाली, “अगं, पाट दुसरा करता येईल. त्याच्या पोटात काही गेलं नाही ना, ते बघ आधी.”

शेजारच्या आंटीजींनी तो पाट पाहिला आणि एकच उपाय सांगितला: “ऐनूं होर भजाओ, बेटा.” ह्याला आणखी पळवा. सगळेच तेच सांगत होते. दमलेलं कुत्रं खोड्या करत नाही, हे आम्हालाही पटलं. ह्यांना पळायची आवड होतीच. सप्टेंबरात रोजचे तीन किलोमीटर होते, दिवाळीनंतर सहा झाले, जानेवारीत धुक्यात बॅटरी घेऊन दहा. मोहालीचे रस्ते रुंद आणि सरळ, पहाटे वाहन नाही. सर्जा बत्तीस किलोचा झाला, छाती भरली, अंगावर तुकतुकी आली. बघणारे थांबून कौतुक करायचे. घरी परतल्यावर तो पाणी प्यायचा, तासभर पडायचा आणि मग उठून सोफ्याकडे जायचा.

त्या हिवाळ्यातली पानं शेजारी शेजारी ठेवली की आता जे दिसतं ते तेव्हा मला दिसायला हवं होतं. पळण्याला सुटी होती त्या दिवसांवर फुल्या नाहीत. पाऊस होता, हे परगावी होते, फिरणं अर्ध्यावर आलं, ते दिवस कोरे आहेत. रविवारी सर्वांत लांब पळणं व्हायचं. रविवार दुपार आणि सोमवार लाल झालेत. कमी पळवल्याने नुकसान होतं असं मानून आम्ही पळणं वाढवत होतो, आणि पळणं वाढलं तशा फुल्या वाढत होत्या. रोज पळवून आम्ही त्याचा दम वाढवला होता. पळायची ताकद वाढली, पण पळून आल्यावर निवांत पडायचं कसं, हे त्याला कुणीच शिकवलं नव्हतं.

मला वाटायचं, आम्ही बाहेर गेलो की तो घाबरत असेल. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये जुना मोबाइल कपाटावर ठेवून चित्रण केलं. एकटेपणाला घाबरणारं कुत्रं बहुधा माणूस गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतं, दार आणि खिडक्या ओरबाडतं, लाळ गाळतं, भुंकतं. सर्जा तसं काही करत नव्हता. तो आडवा पडायचा, उठायचा, खोलीभर फिरायचा, पुन्हा पडायचा, पुन्हा उठायचा. झोपेला आलेलं पण झोप न लागणारं तान्हं मूल जसं किरकिरतं, तसं. मोठ्या कुत्र्याला दिवसरात्र मिळून बारा-चौदा तास झोप लागते. आमच्याकडे त्याला ती मिळत नव्हती. मग तो सोफ्याचा हात तोंडात धरायचा, आणि चावता चावता त्याचे डोळे मिटायला लागायचे. ते चित्रण मी तीनदा पाहिलं. त्यात खोडी नव्हती. चावून तो स्वतःला शांत करत होता.

आणि त्याबद्दल आम्ही त्याला ओरडत होतो. तो कान पाडून, मान वळवून बसायचा आणि आम्ही म्हणायचो, बघा, चूक कळलीये. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ साली हेच तपासलं होतं: मालकाने रागावलं की कुत्रं हा चेहरा करतं, मग त्याने काही केलेलं असो वा नसो. सर्जा आमच्या आवाजाला भीत होता. त्या दोन वर्षांतलं मला सर्वांत जास्त लागतं ते हेच.

मार्चमध्ये आणखी एक चूक माझ्या हातून झाली. चावायला काहीतरी हवंय एवढं कळलं होतं, म्हणून दुकानातून भाजलेलं म्हशीचं हाड आणलं. जितकं कठीण तितकं जास्त टिकेल, असा माझा हिशेब. दहाव्या दिवशी तो एकाच बाजूने खाताना दिसला. मांस कातरणारी वरची मोठी दाढ उभी चिरली होती. पशुवैद्य डॉक्टरबाईंनी ती भूल देऊन काढली. तीन मुळांची दाढ, वेळ लागला. नंतर त्यांनी मला अंगठ्याचं नख दाबायला लावलं, आधी त्या हाडावर, मग एका रबरी खेळण्यावर. “नखाची खूण उमटली तर द्या. नाही उमटली तर दातापेक्षा ते कठीण आहे असं समजा.” तेव्हापासून दुकानात मी हेच करते. आंब्याची कोय आणि मक्याच्या कणसाचा दांडा तर तो असताना आम्ही टेबलावरही ठेवत नाही, कारण ते गिळले तर आतड्यात अडकतात.

त्याच भेटीत त्यांनी पळण्याबद्दल विचारलं आणि दहा किलोमीटर ऐकून थोडा वेळ गप्प बसल्या. मोठ्या जातीच्या कुत्र्याची हाडं वाढायची थांबायला वर्ष-दीड वर्ष जातं. एवढं सलग पळणं आम्ही फार लवकर सुरू केलं होतं. “ह्याचं तोंड हा ह्याचा हात आहे,” त्या म्हणाल्या. लॅब्रडॉर घडवलाच गेला शिकार झालेला पक्षी तोंडात अलगद धरून आणण्यासाठी. पायांना कितीही काम दिलं तरी जबड्याचं काम उरतंच. मला माझ्या आजोळचा कुत्रा आठवला. त्याला कुणी फिरायला नेत नसे, पण हाड, तुटक्या वहाणेचा तुकडा, चाबकाची जुनी वादी, काही ना काही त्याच्या पुढच्या पायांत धरलेलं असायचंच.

हे कळल्यावर भानूची गोष्ट वेगळी वाटायला लागली. इथून जवळच, पंचकुल्याकडे भानूला, इंडो-तिबेट सीमा पोलिसांचं कुत्र्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. २०२१ च्या जानेवारीत तिथल्या बेल्जियन मॅलिनोईज पिल्लांना लडाखमधल्या ठिकाणांची नावं दिली होती, गलवान, रेझांग, दौलत अशी. इथल्या वर्तमानपत्रांत फोटो आले होते. अशा कामाच्या कुत्र्यांना शिकवताना पुष्कळदा बक्षीस म्हणून खाऊ देत नाहीत, चेंडू देतात किंवा ओढायला जाड दोर. तोंडात धरायला मिळणं हीच मजुरी. आम्ही मात्र सर्जाच्या तोंडातून वस्तू हिसकावत होतो.

मग पळणं निम्म्यावर आणलं. सकाळी चाळीस मिनिटं लांब, सैल दोरीवर, विमानतळ रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटांकडे. वेग त्याचा. एका झुडपाचा वास घ्यायला पाच मिनिटं लागली तरी आम्ही उभे. परतल्यावर कोपऱ्यातल्या सतरंजीवर चावायला काहीतरी, आणि नंतर त्या खोलीत कुणी जायचं नाही. पोकळ रबरी खेळण्यात दहीभात किंवा शिजवलेला लाल भोपळा भरून मी ते रात्री फ्रीजरमध्ये ठेवते. हे खेळणंही अशाच एका मोठ्या कुत्र्यामुळे निघालं, हे मला फार आवडतं. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या जो मार्कहॅमचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. फोक्सवॅगन गाडीचा एक रबरी भाग हाती लागला तसा त्याने दगड सोडले, आणि त्या आकारावरून १९७६ साली ‘काँग’ची कंपनी सुरू झाली. हिवाळ्यात त्याहून स्वस्त उपाय बाजारात ढिगाने असतो: पंजाबची लांब लाल गाजरं. अख्खं गाजर गोठवून दिलं की अर्धा तास घरात फक्त कुडुम कुडुम. चुकून चप्पल धरलीच तर ओढायची नाही, गाजर पुढे करायचं. आता तो चप्पल स्वतः आणून पायाशी ठेवतो.

२०२३ च्या मे महिन्यात अकरा फुल्या आहेत, ऑगस्टमध्ये चार, दिवाळीच्या आठवड्यात फटाक्यांमुळे पुन्हा सहा. २०२४ च्या पानांवर बराच वेळ बोट फिरवावं लागतं. काही श्रेय वयाचं असणार. मोठी कुत्री पोक्त व्हायला दोन-तीन वर्षं घेतात. सप्टेंबरात आई गणपतीला आली. बाप्पा त्याच पाटावर बसले, कुरतडलेला कोपरा डाव्या हाताला. आरती संपेपर्यंत सर्जा सतरंजीवर गाजर घेऊन होता. आई त्याच्याशेजारी खाली बसली आणि म्हणाली, “खा बाबा, सावकाश खा.”

त्या वर्षातली शेवटची फुली २३ डिसेंबरची आहे, सोमवारची. ‘चप्पल, कोल्हापुरी, उजवी.’ आदल्या दिवशी नाताळच्या सुटीत आलेला भाचा त्याला सायकलबरोबर बारा किलोमीटर पळवून आला होता.