कोणती गोळी लागू पडेल? बेडका सांगेल



भाताची निंदणी अर्धवट सोडली तर काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. उपटायचं राहिलेलं तणच बी धरतं आणि पुढे शेतभर पसरतं. टीबीच्या जंतूंचंही तसंच आहे. औषधाला दाद न देणारे थोडे जंतू शरीरात असू शकतात. गोळ्या मध्येच सोडल्या, तर तेच मागे उरतात आणि वाढतात.

आमच्या ओळखीच्या एका ताईचं असंच झालं. ती तारापूर एमआयडीसीत पाळीवर जायची. दोन महिने गोळ्या घेतल्यावर खोकला थांबला, भूक लागू लागली. बरं वाटलं म्हणून तिने गोळ्या सोडल्या. काही महिन्यांनी खोकला परत आला. मग बोईसरला दुकानातून खोकल्याचं औषध आणून तिने दिवस काढले. शेवटी आशाताईने तिचा बेडका यंत्रावर तपासायला लावला. तेव्हा कळलं, की टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन तिला लागूच पडणार नाही.

हे आधी का कळलं नाही? एक्स-रेत छातीतला डाग दिसतो, सूक्ष्मदर्शकात जंतू दिसतात. पण कोणतं औषध चालेल, हे दोन्हींत कळत नाही. प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायचं, तर कित्येक आठवडे जातात.

यंत्राची तपासणी वेगळी आहे. बियाण्यात जसा वाण असतो, तशी जंतूत जनुकं असतात. रिफाम्पिसिनचा मारा जंतूच्या ज्या भागावर बसतो, त्या भागाचं जनुक हे यंत्र तपासतं. जनुक बदललेलं असेल, तर ते औषध लागू पडत नाही. सीबीनॅट नावाचं यंत्र सुमारे दोन तासांत हे सांगतं. ट्रूनॅट हे दुसरं यंत्र गोव्यातली मोलबायो कंपनी बनवते. ते बॅटरीवर चालतं, म्हणून लहान केंद्रातही ठेवता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली.

रिफाम्पिसिन चालत नाही असं निघालं, तर बाकीची औषधं तपासायला पुढची चाचणी होते. घाबरू नका. पूर्वी अशा टीबीचे उपचार दीड-दोन वर्षं चालायचे. २०२४ मध्ये सरकारने सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला मंजुरी दिली. तो कुणाला द्यायचा, हे डॉक्टर ठरवतात. म्हणून गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल, तर आधी सांगा.

आणि एक लक्षात ठेवा. असा टीबी पहिल्यांदाच आजारी पडलेल्या बाईलाही होतो, कारण तो दुसऱ्याच्या खोकल्यातून येतो. म्हणून "तूच गोळ्या चुकवल्या असशील," असं कुणाला म्हणू नका. घरातल्या सगळ्यांची तपासणी मात्र करून घ्या.

बेडका नीट दिला, तरच तपासणी नीट होते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब उभ्या राहा. खोल श्वास घेऊन छातीतून खोका. नुसती लाळ नको, घट्ट बेडका हवा. डबीचं झाकण घट्ट लावा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन कमी होणं, बेडक्यात रक्त यांतलं काहीही दिसलं, तर आरोग्य केंद्रात जा. आधी टीबी होऊन गेला असेल, तर तेही सांगा. आणि विचारा, "माझा बेडका यंत्रावर तपासणार ना?" सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते ५०० होते. माहितीसाठी १८००-११-६६६६ वर फुकट फोन करता येतो.

त्या ताईचे उपचार आता चालू आहेत. आमच्या बैठकीला ती येते आणि एकच गोष्ट सांगते: "बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका. डॉक्टर थांब म्हणतील तेव्हाच थांबा." तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हे नक्की वाचून दाखवा.