चुंबक घेऊन आलेलं गिऱ्हाईक

सकाळी सात. शटर वर केलं, पण इंजिनला हात लावला नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवणारे विक्रेते असतात. मी तसं करत नाही. थंड गाडी कशी सुरू होते, ते घेणाऱ्यानं स्वतः ऐकावं. तेल, पाणी, ब्रेक ऑइल तेवढं पाहिलं.

आठ वाजता कागद. 1965 ची मस्टँग, उघड्या टपाची, पावणेपाच लिटरचं व्ही-एट. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात मोठा बदल नसलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ येतं. पुनर्नोंदणीला 5,000 रुपये लागतात आणि विक्री नव्वद दिवसांत परिवहन खात्याला कळवायची. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. हे मी फोनवरच सांगून टाकतो.

दहा वाजता कोल्हापूरहून बापलेक आले. वडिलांना मसल कारचं वेड. मस्टँग 1964 मध्ये बाजारात आली आणि पॉन्टिॲक जीटीओही 1964 चंच मॉडेल, हे त्यांनीच मला ऐकवलं. मुलगी मात्र बोलली नाही. तिनं पर्समधून फडक्यात गुंडाळलेलं चुंबक काढलं आणि दारांच्या खालच्या कडेनं फिरवायला लागली. मला फार बरं वाटलं. रंगाखाली पुटीचा थर जाड असेल तर चुंबक धरत नाही.

“काका, काउल उघडला होता का?”

हाच खरा प्रश्न. काचेच्या खाली हवा आत घेणारी पत्र्याची पेटी असते. तिच्यात पाणी साचतं, पत्रा आतून सडतो आणि पावसाळ्यात पायांवर ठिबकतं. बाहेरून काही दिसत नाही. मी फोटोंची फाईल पुढे केली: स्पॉट वेल्ड ड्रिलनं सोडवलेले, चाळणी झालेला पत्रा, नवा पत्रा, पुन्हा वेल्डिंग. मग गाडी जॅकवर घेतली. या गाडीला छताचा आधार नसतो, म्हणून कारखान्यातच तळाला जादा मजबुती दिलेली असते. ती गंजली की गाडी मधोमध वाकते आणि दारं अडकतात. उचललेल्या गाडीची दारं तिनं उघडून-लावून पाहिली. मग पुढच्या डाव्या मडगार्डाच्या आतला चासी नंबर वाचला. त्यातला ‘08’ म्हणजे कंपनीतूनच उघड्या टपाची. छत कापून बनवलेली असती, तर तिथे ‘07’ निघाला असता.

साडेअकरा. पेट्रोल भरायला निघालो. 1965 चं इंजिन शिसंयुक्त पेट्रोलसाठी घडवलेलं, आणि ते पेट्रोल आपल्याकडे 2000 साली बंद झालं. म्हणून हेड उतरवून कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे ओव्हरटेक करताना उजवीकडे बसलेल्यानं रस्ता सांगायचा. कर्वे रोडच्या गर्दीत मुलगी पूर्ण वेळ तापमानाच्या काट्याकडे बघत होती.

दुपारी दोनला भावाची घासाघीस. मी थोडा उतरलो, ते थोडे चढले.

चार वाजता सह्या. गाडी रात्री ट्रकवर चढवून कोल्हापूरला जाईल. निघताना तिला एवढंच बजावलं: टप ओला असताना कधीही मिटायचा नाही, आणि पहिला पाऊस पडला की काउलमध्ये पाणी ओतून निचरा बघायचा. तिनं दोन्ही लिहून घेतलं.