शकुंतलेची कच्ची चोळी

खांद्यावर पट्टी नाही, बाही नाही आणि तरीही जागची हलायला नको, अशी चोळी शिवायची तर तिचा सगळा भार कमरेवर घ्यावा लागतो. नुसती छातीवर आवळली तर दोन-चार श्वासांत ती खाली सरकते आणि नटीचा हात सारखा काठ वर ओढत राहतो. माझी भाची साताऱ्याची. सांगलीत 'शाकुंतला'तले प्रवेश करणार होती आणि पदं स्वतः गाणार होती. तिची चोळी घरी शिवायची ठरली, तेव्हा रेशमाला कात्री लावण्याआधी मांजरपाटावर कच्ची चोळी करून बघायची हे मी पक्कं केलं.

या भागात शकुंतला उभी करायची म्हणजे जबाबदारीच वाटते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीत. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० चं, आणि १९०५ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले ते मिरजेत शकुंतला होऊनच रंगभूमीवर उभे राहिले. कालिदासाने तर पहिल्याच अंकात फिटिंगची तक्रार घातली आहे: प्रियंवदेनं वल्कल फार आवळून बांधलंय, जरा सैल कर, असं शकुंतला अनसूयेला सांगते. गाणाऱ्या बाईची चोळी शिवताना ही तक्रार डोक्यात ठेवावी.

कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, त्यामुळे ते आहे त्यापेक्षा ताठ वाटतं. म्हणून आधी धुवून, इस्त्री करून घेतलं. पुढच्या मधल्या कळीचा उभा धागा सरळ ठेवला, कारण तो तिरका गेला की कापड ताणतं आणि मापं खोटी पडतात. प्रिन्सेस कटाच्या कळ्या, प्रत्येक जोडाला भरपूर माया, मशीनवर सर्वांत मोठा टाका. कमरेची रेघ लाल दोऱ्याने धावदोरा घालून काढली. शिवणी मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवल्या. अंगावर असतानाच टाचण्या लावून त्या आत-बाहेर घेता येतात. जोडांवर इलेक्ट्रिकच्या दुकानातले रुंद केबल टाय कापून, टोकं घासून गोल करून, हाडं म्हणून चिकटपट्टीने बसवले. हाडं घातल्याशिवाय अशा चोळीचं फिटिंग बघण्यात अर्थ नाही; कापड नुसतं गोळा होऊन खाली बसतं.

चोळी अंगावर चढली की सुरकुत्या वाचायच्या. कमरेच्या वर आडव्या वळ्या पडल्या तर तिथे घट्ट आहे किंवा उंची जास्त झाली आहे. छातीच्या टोकाकडे ओढल्यासारख्या तिरक्या रेघा आल्या तर तिथे कापड कमी पडतंय. शिवण उसवून माया सोडायची. वरचा काठ अंगापासून सुटला तर प्रिन्सेसच्या जोडात वरच्या बाजूला पाचर धरायची, खाली हात लावायचा नाही. डावी-उजवी बाजू वेगवेगळी टाचावी लागते, कारण कुणाचीच दोन्ही अंगं सारखी नसतात. टेपवरच्या आकड्यांत हा फरक येत नाही, आणि माझ्या मते कच्च्या चोळीला वेळ द्यायचं हेच सर्वांत मोठं कारण आहे.

उभं राहून सगळं नीट बसलं, मग तिला खाली बसवलं, घट भरायला वाकायला लावलं, हात वर करायला लावले. बसल्यावर पुढचं खालचं टोक पोटात रुतत होतं. ते खडूने आखून वर घेतलं.

"आता एक पद म्हण," मी म्हटलं.

तान घेताना तिच्या बरगड्या फुलल्या आणि पाठीची नाडी करकचली. "मावशी, इथे अडतंय गं," तिने बरगड्यांच्या बाजूला हात ठेवून दाखवलं. बाजूच्या कळ्या तेवढ्याच भागात सैल केल्या, पण कमर तशीच ठेवली. आतून कमरेच्या लाल रेघेवर एक न ताणणारी सुती पट्टी टाचली आणि ती वेगळ्या हुकाने मागे लावली. भार त्या पट्टीने घेतला. वर छातीला मोकळीक राहिली, तरी काठ हलला नाही. तिने तेच पद पुन्हा, या वेळी चालत, म्हटलं.

मग टाचण्यांच्या जागी पेन्सिलीच्या खुणा केल्या, डावं-उजवं लिहिलं आणि सगळी चोळी उसवली. त्या कळ्या इस्त्री करून कागदावर उतरवल्या आणि बदललेल्या मापांनी पुन्हा मांजरपाट कापलं. ही दुसरी चोळी रेशमाच्या आत अस्तर म्हणून राहणार असल्याने हिचे टाके बारीक घातले.